गुऱ्हाळावर रस फुकट प्यायचा आणि गुळाचा दर पाडायचा?

राईडवरनं आल्यापासनं डोकं फिरलंय. अंघोळ झाली, जेवण झालं, तरी जात नाही, म्हणून लिहितोय. ज्याला लागायचं त्याला लागू दे.

सकाळी कोल्हापुरातनं, रंकाळ्यावरनं निघालो. फुलेवाडी, बालिंगा, कळे, गगनबावड्याची वाट. आठ-दहा गाड्या, भोगावतीवर धुकं, रस्त्याच्या कडेनं बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या उसाच्या बैलगाड्या. कळ्याच्या पुढं चालू गुऱ्हाळ दिसलं म्हणून थांबलो. मालकानं कोण, कुठलं काही न विचारता आलं-लिंबू घालून रस दिला. मग वाफ्यातला, म्हणजे पाक ओतून गार करायच्या जागेतला, ऊन ऊन गूळ, वर शेंगदाणे. सगळ्यांनी पोटभर खाल्लं, व्हिडिओ काढले. आणि आमच्यातलाच एक गडी, ज्याच्या हेल्मेटची किंमत अख्ख्या ग्रुपला पाठ आहे, एक किलोच्या ढेपेला दहा रुपये कमी करा म्हणून अडून बसला. मालक गप्प. शेवटी ह्यानं "मॉलमध्ये स्वस्त मिळतो" म्हणत ढेप खाली ठेवली आणि गाडीला किक मारली.

लाज वाटली मला. तिथंच त्याला बोललो, इथंही बोलतोय.

माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. थंडीच्या सुट्टीत आम्ही पोरं पहाटेच तिकडं पळायचो. कोणीही वाटसरू आला तरी मामा आधी रसाचा तांब्या पुढं करायचे. गुऱ्हाळावर आलेला माणूस मोकळ्या तोंडानं जात नाही, ही आपल्याकडची रीत. पण येणारा माणूसही मोकळ्या हातानं येत नव्हता. शेजारचा कोण उसाच्या दोन मोळ्या गाडीतनं उतरून द्यायचा, कोण मळ्यातल्या मिरच्या-कोथिंबीर आणायचा, कोण नारळ. आम्हा पोरांना तर गाळलेल्या उसाची चिपाडं वाळत घातल्याशिवाय काकवी मिळायचीच नाही. ते फुकट कधीच नव्हतं. आपण शहरातनं दोनशे-तीनशे सीसीच्या गाड्या घेऊन जातो आणि त्या रिवाजातलं फक्त घेणं उचलतो.

दर पाडणाऱ्याला एकदा चुलवाणापुढं, गुऱ्हाळाच्या त्या मोठ्या चुलीपुढं, उभा करायला पाहिजे. एक टन ऊस गाळला की गूळ पडतो साधारण १०० ते १२० किलो. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळायला लागला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालून मळी काढत राहायची. गूळ उतरवणाऱ्या गुळव्याचा तर डोळा हलत नाही. पाक थेंबभर गार पाण्यात टाकून गोळी बघायची, बोटांनाच कळतं आता उतरवायचं. जरा पुढं गेलं तर गूळ करपला, अलीकडं उतरवलं तर ढेप धरत नाही. मामांकडच्या गुळव्यानं गोळी बघायला घेतली की मामासुद्धा बोलायचे नाहीत, आम्ही तर श्वास धरून उभं राहायचो. आज त्याच वेळी आमच्यातला एकजण काहिलीवर वाकून सेल्फी घेत होता आणि बाहेर दुसरा उगाच रेस देत होता.

त्यात गिऱ्हाईकाची तऱ्हा. पिवळा दिसला की "केमिकल आहे का?" काळपट दिसला की "जुना दिसतोय." मग माणसानं करावं काय?

मान्य आहे, काही ठिकाणी साखर मिसळतात आणि रस्त्याकडेला बसून वाटेल तो दर लावतात. त्यांच्याकडनं घेऊ नका, विषय संपला. पण त्यांचा राग सरळ माणसावर कशाला?

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती ह्या गुळाच्या व्यापारासाठी. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण स्टेटस ठेवलं, छाती फुगवली. आणि गुऱ्हाळं? मामांचं बंद पडलं. कामाला माणूस मिळेना, ऊस कारखान्याला घातला की निदान कटकट तरी नाही. आता त्या शेडात ट्रॅक्टर लावतात. मी तिकडं गेलो की मामा अजून चुलवाणाच्या जागेजवळ उभं राहूनच बोलतात. हे लिहिताना राग जरा उतरला, खरं सांगतो. त्या गड्याशी माझं वैर नाही. चांगला पोरगा आहे, घाटात कुणाची गाडी बंद पडली तर सगळ्यात आधी थांबणारा तोच. म्हणून तर जास्त लागलं.

आणि हे गुळापुरतं नाही. गगनबावड्याकडं ज्या मावशीकडं नाचणीची भाकरी, खर्डा, दही खाल्लं, तिथंही "चुलीवरचं मटण नाही का?" म्हणून तोंडं वाकडी झाली होती. बाई एकटी भाकऱ्या थापत होती, आणि पलीकडनं "मावशी, आवरा की लवकर!" चव गावाकडची पाहिजे, तर भाकरी फुगेपर्यंत बसायला काय होतंय?

पुढच्या रविवारी राधानगरीकडं जायचं ठरलंय, सकाळी सहाला, कळंब्याच्या बाजूनं. माझ्याबरोबर येणाऱ्यानं कापडी पिशवी आणि सुट्टे पैसे आणायचे. गुऱ्हाळाच्या दारात गाडी बंद. रस प्यायला तर निदान एक ढेप घ्यायची, मालक सांगेल त्या दरानं. ज्याला हे जमत नाही त्यानं आजच ग्रुपवर तसं सांगावं, मी जेवणाचा निरोप आकडा बघून देणार आहे.