खडकी वसवणारा हबशी: एका मेसेजला उत्तर

सध्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आजचं छत्रपती संभाजीनगर मुळात औरंगजेबाने वसवलं. मलिक अंबर हा नुसता हबशी गुलाम, परका माणूस. आफ्रिकेचा या शहराशी संबंध काय?"

वसवण्याचं आधी बघू. आजच्या शहराच्या जागी खडकी हे लहानसं गाव होतं. १६१० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणाऱ्या मलिक अंबरने तिथे तिची राजधानी उभी केली. मोगलांनी १६१६ मध्ये ती जाळली, तरी त्याने ती पुन्हा उभी केली. १६२६ मध्ये तो वारल्यावर मुलगा फतेहखानाने तिचं नाव फतेहनगर ठेवलं. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तो १६५३ मध्ये. पुढे त्याने तट बांधला, शहर वाढवलं, हे खरं. पण त्याला शहर आयतं मिळालं.

गुलाम? होय, होता. इथिओपियात जन्मलेलं ते पोर लहानपणीच विकलं गेलं, बगदादमार्गे अहमदनगरला पोचलं. तिथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा वजीर चंगेजखान स्वतः हबशीच होता. म्हणजे अंबर एकटादुकटा नव्हता. दख्खनच्या दरबारांत आफ्रिकी माणसं मोठमोठ्या हुद्द्यांवर होती. आपण मात्र 'हबशी' हा शब्द शिवीसारखा वापरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

'परका' म्हणणाऱ्यांनी १६२४ ची भातवडीची लढाई आठवावी. अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मोगल-आदिलशाही फौज हरवली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. पुढे शहाजीराजे आणि अंबर यांचं बिनसलं, तरी शरीफजींचं रक्त सांडलं ते अंबरच्या बाजूने लढताना.

आता संबंध काय ते. या शहराला पाणी पाजलं या आफ्रिकी माणसाने. उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भुयारात गोळा करायचं आणि केवळ उतारावर, कुठलंही यंत्र न लावता, शहरात आणायचं: ही नहर-ए-अंबरी. वाटेत हवेसाठी, गाळ काढायला आत उतरण्यासाठी उभे झरोके. पुढे खापराचे नळ. भडकल दरवाजाही त्याचाच.

खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीची वाट लोक विचारत जातात. मलिक अंबरची कबरही त्याच गावात आहे. पोरांना घेऊन जाल तेव्हा तिथेही न्या, आणि हा माणूस आफ्रिकेतून आला होता हे न चाचरता सांगा. तुमच्या गल्लीत, प्लॉटवर नहरीचा एखादा झरोका निघाला, तर त्यात राडारोडा टाकू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, शेजाऱ्यांना दाखवा.