शॉकच्या मागे काय उरतं?

नमस्कार. वायूचा प्रवाह संगणकावर सोडवणाऱ्या वेनो (WENO) या पाचव्या ऑर्डरच्या स्कीमवर, म्हणजे गणनपद्धतीवर, मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: शॉकपाशी, म्हणजे दाब आणि घनता एकदम उडी घेतात तिथे, कुठलीही स्कीम शेवटी पहिल्या ऑर्डरवरच येते (सेल निम्मा केला की पहिल्या ऑर्डरची चूक निम्मी होते, पाचवीची ३२ पट कमी), मग वेनोचा खटाटोप कशाला? पहिल्या ऑर्डरची साधी गोडुनोव स्कीम घ्यावी, ग्रिड (प्रवाहाचे छोटे सेल पाडणारी जाळी) बारीक करावी. सॉडच्या शॉक ट्यूब या नेहमीच्या चाचणी-उदाहरणात दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात. शिवाय वेनो सेलच्या गटांना जी कमी-जास्त वजनं देते, ती म्हणजे शॉकपाशी स्कीममुळेच उठणाऱ्या खोट्या लहरींवर मारलेली रंगसफेदी.

पहिला मुद्दा खरा आहे आणि तो मी लेखात लिहायलाच हवा होता. शॉक ओलांडून आलेल्या भागातही अचूकता पहिल्या ऑर्डरपर्यंत उतरू शकते, हे मायदा आणि ओशर यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं. 'सगळीकडे पाचवी ऑर्डर' हे माझं वाक्य चुकीचं होतं. ते बदललं आहे.

पण सॉडच्या उदाहरणावरून निकाल लावू नका. तिथे पसरणारा विरलन-तरंग (जिथे वायू हळूहळू विरळ होत जातो) सोडला तर बाकी सगळे तुकडे सपाट आहेत. सपाट जागी पुसून जाण्यासारखं काही नसतंच! त्याऐवजी शू आणि ओशर यांचं १९८९चं उदाहरण चालवून बघा. माख ३चा (ध्वनीच्या तिप्पट वेगाचा) शॉक घनतेच्या सौम्य लहरींवर (१ + ०.२ साइन ५क्ष) आदळतो आणि त्याच्या मागे दाट, बारीक लहरी उमटतात. २०० सेलवर पहिल्या ऑर्डरची स्कीम या लहरी जवळजवळ सपाट करते. शॉक मात्र जागच्या जागी, अगदी ठीक दिसतो. म्हणूनच नुसत्या शॉककडे पाहणाऱ्याची फसगत होते. हाय-ऑर्डर हवी ती या लहरींसाठी, शॉकमागच्या भोवऱ्यांसाठी, ध्वनीसाठी.

'ग्रिड बारीक करा' म्हणणं एका मितीत परवडतं. त्रिमितीत सेलची लांबी निम्मी केली की सेल आठपट होतात आणि टाइम-स्टेपही निम्मी करावी लागते, म्हणजे काम १६ पट. नितळ भागातली चूक दहापट कमी करायला पहिल्या ऑर्डरला १०,००० पट काम लागतं, पाचवीला साधारण सहापट. वेनोची एक पायरी महाग असते हे कबूल, पण इतकी नाही.

आता रंगसफेदी. आधी लहरी येऊ देऊन मग त्या पुसायच्या, असं वेनो करत नाही. रेषीय स्कीम (प्रवाह कसाही असो, तेच ठराविक सूत्र लावणारी) एकदिष्टता राखत असेल, म्हणजे नव्या खोट्या लहरी उठू देत नसेल, तर ती पहिल्या ऑर्डरपुढे जाऊ शकत नाही, हे गोडुनोवचं १९५९चं प्रमेय. त्यातून सुटायचं तर स्कीमनेच प्रवाह पाहून वागायला हवं. वेनोच्या जियांग-शू यांच्या १९९६च्या रूपात तीन-तीन सेलचे तीन गट असतात. प्रवाह नितळ असेल तिथे त्यांची वजनं ०.१, ०.६, ०.३च्या जवळ जातात आणि पाचवी ऑर्डर मिळते. ज्या गटात शॉक येतो त्याचं वजन शून्याकडे सरकतं. दाखवायला आलेख गुळगुळीत व्हावा म्हणून हे केलेलं नाही. खोट्या लहरीने एखाद्या सेलमधला दाब ऋण झाला, तर ध्वनिवेगाच्या वर्गमुळापाशी कोड तिथेच कोसळतो.

तुमचा प्रवाह सॉडसारखाच, दोन-चार सपाट तुकड्यांचा असेल, तर साधी स्कीम खुशाल वापरा. फक्त संपर्क-पृष्ठावर (जिथे घनता उडी घेते, पण दाब नाही) लक्ष ठेवा: शॉक स्वतःला आवळत राहतो, ते पृष्ठ आवळत नाही, आणि पहिल्या ऑर्डरमध्ये त्याची रुंदी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतच जाते.