टर्बोजवळची काजळी आणि तीन दिवसांचा हिशेब: आपल्या अभिप्रायास उत्तर

माननीय महोदय, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या गॅरेजला एकच तारा देऊन लिहिले आहे की, ‘चारशे रुपयांच्या गॅस्केटसाठी गाडी तीन दिवस अडकवून ठेवली आणि साडेचार हजार रुपये घेतले.’ ऐन लग्नसराईत आपली गैरसोय झाली, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. परंतु असा अभिप्राय वाचून चाळीसगावातले गिऱ्हाईक परस्पर दुसरीकडे वळते, आणि माझ्यासह चार कारागिरांची घरे या शेडवर चालतात, म्हणून त्या तीन दिवसांबद्दल सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

कन्नड घाट चढताना केबिनमध्ये धुराचा वास येतो आणि टर्बोच्या (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाच्या) आजूबाजूला काजळी साचते, अशी आपली तक्रार होती. त्याआधी दुसरीकडे मॅनिफोल्डचे (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या नळीचे) गॅस्केट, म्हणजे जोडातून धूर गळू नये म्हणून बसवलेली पातळ चकती, बदलूनही वास थांबला नव्हता, हे आपणच सांगितले होते. आपण गाडी आणली ती घाट उतरून, संध्याकाळी. चढावर डिझेल इंजिनाच्या टर्बोत शिरणारा धूर ७०० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतो. तापलेल्या टर्बोला हात लावता येत नाही आणि गंजलेल्या नटावर घाईने पाना ओढला, तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा) आतच तुटतो. मग टर्बो उतरवून तो ड्रिलने काढावा लागतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो. त्यामुळे नटांवर गंज सोडवणारे तेल मारून गाडी रात्रभर थंड होऊ दिली. याला गाडी अडकवून ठेवणे कसे म्हणता येईल?

काजळी जिथे सर्वांत जास्त दिसते तिथेच गळती असते, असे नाही. पंख्याचा वारा आणि धावत्या गाडीची हवा ती लांब नेऊन टाकते. आपल्या गाडीत ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात नेणारा) पाइप आणि हीट शील्डची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याची, मागची बाजू काळी झाली होती. आधीच्या कारागिराने त्यावरूनच मॅनिफोल्डचे गॅस्केट बदलले असावे. आम्ही बोट फिरवून पाहिले तेव्हा काजळी कोरडी, मखमलीसारखी होती, म्हणजे तेलाची गळती नव्हती. पिकअपही कमी झाला नव्हता, आणि टर्बोच्या आधी मोठी गळती असती तर तो बहुधा पडला असता, म्हणून संशय टर्बोनंतरच्या जोडावर गेला. खात्री करायची तर सगळे पुसून काढून सायलेन्सरच्या तोंडातून मशीनने पांढरा धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बॅटरीच्या उजेडात पाहायचे, हाच रस्ता होता.

पुसण्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी झाले, आणि धूर सोडण्याआधीच आपला फोन आला की पाचोऱ्याला लग्नाला जायचे आहे, गाडी लगेच हवी. काढलेल्या हीट शील्ड पुन्हा बसवून आम्ही गाडी दिली. मागे मुले बसणार होती आणि या धुरात वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही असतो, म्हणून पंख्यातून बाहेरची हवा आत घेण्याची खटकी बंद आणि खिडक्या उघड्या ठेवण्यास मी बजावले होते. गाडी रात्री परत आली. त्या दिवशी सकाळनंतर रात्रीपर्यंत गाडी आपल्याकडे होती, तरी आपण तो दिवस आमच्या नावावर लिहिलात, याचे मला फार वाईट वाटले.

तिसऱ्या दिवशी धूर सोडताच टर्बो आणि डाऊनपाइप (टर्बोतून धूर पुढे सायलेन्सरकडे नेणारा पाइप) यांच्या जोडाच्या खालच्या बाजूने पांढरी बारीक रेघ निघाली. डाऊनपाइपला आधार देणारी पट्टी तुटलेली होती, त्यामुळे पाइपाचे सगळे वजन त्या जोडावर लोंबकळत होते आणि फ्लँज, म्हणजे जोडाची सपाट कडा, एका बाजूने उघडला होता. नुसते गॅस्केट टाकले असते तर तेही काही दिवसांत जळाले असते. जळगावहून गॅस्केट मागवले, दोन्ही फ्लँज घासून सपाट केले, स्टड व नट नवे टाकले, पट्टी वेल्डिंग करून बसवली आणि घाटात चढावर गाडी चालवून पाहिली, तेव्हाच संध्याकाळी ती आपल्या हाती दिली.

बिलावर गॅस्केट, स्टड, वेल्डिंग, धुराची तपासणी आणि मजुरी या सर्व गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या आहेत. आपण त्यातली पहिलीच ओळ अभिप्रायात घेतली. काम गॅस्केट बदलण्याचे कमी आणि गळती शोधण्याचे जास्त होते, आणि शोधण्याची मजुरी मागायला मला संकोच वाटत नाही. तपासणीचा अंदाजे खर्च यापुढे आधीच सांगता यावा, अशी व्यवस्था आम्ही करत आहोत.

तुटलेली पट्टी आणि जळलेले गॅस्केट शेडमध्ये जपून ठेवले आहे, आपण केव्हाही येऊन पाहावे. घाटात येणारा वास थांबला की नाही, हे मात्र आपण अभिप्रायात कुठेच लिहिलेले नाही. थांबला असेल तर तेवढी एक ओळ जोडावी, ही विनंती. थांबला नसेल तर गाडी घेऊन यावे. त्या जोडाचे काम पुन्हा करावे लागले तर एक रुपयाही घेणार नाही.

आपला नम्र,
गॅरेज मालक, चाळीसगाव