सगळ्यांचा नंबर पहिला

गेल्या मंगळवारी पंचवटीतल्या एका पतसंस्थेत, मुदत ठेवीच्या काउंटरपाशी, चारचौघांत मला विचारण्यात आलं, "साहेब, तुम्हाला एकाच्या पुढे आकडे येत नाहीत का?" विचारणारा मॅनेजर असता तर गिळलं असतं. पण विचारणारा एक सभासद होता. ठेवीचं नूतनीकरण करायला आलेला, हातात टोकन घेऊन बसलेला.

मी सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका लिहितो. 'हे बटण दाबा, मग ते दाबा' हे लिहायचे मला पैसे मिळतात, यावर आमच्या सोसायटीत अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. वर्डमध्ये लिहिलेली पुस्तिका ऑनलाइन करायची असं वरून ठरलं. ऑफिसातल्या एका पोराने कन्व्हर्टर चालवला, "झालं सर" म्हणाला आणि चहाला गेला. झालं ते असं : पायरी १, स्क्रीनशॉट, पायरी १, स्क्रीनशॉट, पायरी १. अशीच शेवटपर्यंत. त्याच वेब पानांची पीडीएफ काढून, छापून, स्पायरल बाइंडिंग करून गिऱ्हाइकांना पाठवली गेली. मला दाखवली कधी? तक्रार आल्यावर.

तर ते काका. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. आयुष्य कळवण, सटाणा, नांदगाव अशा गाड्यांवर गेलेलं, त्यामुळे आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोहोचणारा. काउंटरवरच्या ताईंचे दोन्ही हात कीबोर्डवर अडकलेले, म्हणून "आणा इकडे, मी वाचतो" म्हणत त्यांनी पुस्तिका ताब्यात घेतली होती. मी पोहोचलो तेव्हा कार्यक्रम रंगात आला होता.

"एक! मुख्य मेनूतून 'ठेवी' निवडा!"

ताईंनी निवडलं.

"एक! सभासद क्रमांक टाका!"

"अहो काका, एक झालं ना?"

"परत एक आहे."

ताई सरळमार्गी. परत एक म्हणजे परत पहिल्यापासून, असं समजून त्या मागे गेल्या, मेनू उघडला, 'ठेवी' निवडलं. मग सभासद क्रमांक टाकला.

"एक! पावती क्रमांक निवडा!"

ताई पुन्हा मागे. रांगेतल्या एका आजींनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि भिंतीला टेकल्या.

"ह्याच्यात दुसरं कधी येतं हो?" ताईंनी विचारलं.

काकांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. पुढे पाहिलं, मागे पाहिलं, मलपृष्ठही पाहिलं. "दुसरं नाहीच. सगळे पहिलेच." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "गाडीत चढणारा प्रत्येक जण मीच पहिला म्हणाला, तर तिकीट फाडायचं कुणाचं?" आणि पाठोपाठ तो आकड्यांचा प्रश्न. शाखा हसली. आजीसुद्धा हसल्या. मॅनेजरांनी मला चहा सांगितला. त्यात सहानुभूती जास्त होती, साखर कमी.

मी समजावायला गेलो. जायला नको होतं. म्हणालो, काका, वर्डच्या फाइलमध्ये पायरीपाशी '७' असा आकडा लिहिलेलाच नसतो. तिथे नुसती खूण असते, की हा परिच्छेद अमुक यादीतला, अमुक पातळीवरचा. आकडा मोजून दाखवायचं काम वर्ड करतं. फाइल दुसऱ्या प्रकारात गेली की मोजणारा मागे राहतो.

"म्हणजे वेबिलावर आकडेच नाहीत?" वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद.

"तसंच समजा."

"मग चेकर आला की काय दाखवणार?"

याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

आमची फाइल गेली ती मार्कडाऊनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा टाकून वेब पान बनवायच्या पद्धतीत. जॉन ग्रुबरने ती २००४ साली काढली. त्याच्या मूळ नियमांप्रमाणे तुम्ही १ लिहा, ७ लिहा, ४२ लिहा, यादी एकापासूनच सुरू होते. पुढे २०१४ मध्ये मार्कडाऊनचे नियम पक्के करायला बसलेल्या कॉमनमार्कवाल्यांनी निदान पहिल्या आकड्याचा मान ठेवला. बाकीचे आकडे तिथेही शोभेलाच. दोन पायऱ्यांच्या मध्ये चित्र घालायचं तर ते चार स्पेस आत ढकलावं लागतं. ढकललं तर ते त्या पायरीचं, नाही तर यादी तिथेच संपली आणि पुढची पायरी नव्या यादीची पहिली. आमच्याकडे प्रत्येक पायरीनंतर चित्र. कन्व्हर्टरने एकही आत ढकललं नाही. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानांच्या मूळ भाषेत, यादी मधूनच, सातपासून सुरू करायला 'स्टार्ट' नावाची सोय आहे. ती एचटीएमएल ४ मध्ये 'वापरू नये' म्हणून बाजूला काढली आणि एचटीएमएल ५ मध्ये परत घरात घेतली. जगातली मोठमोठी डोकी इतकी वर्षं 'सातानंतर आठ' या विषयावर बैठका घेताहेत आणि मान खाली घालायची मी, पंचवटीत.

मराठीतून लिहिणाऱ्याची तर वेगळीच तऱ्हा. मी एकदा वैतागून सगळे आकडे हाताने टाकले, आपले देवनागरी. मार्कडाऊनला फक्त इंग्रजी आकडे कळतात. आपला १ त्याच्या लेखी आकडाच नाही. त्याने सगळ्या पायऱ्या एका परिच्छेदात सलग ओतल्या. उलट परिचयाच्या पानावर एक ओळ 'इंग्रजी १९९८, टिंब, कंपनीची सुरुवात' अशी होती, तर तिची न मागता यादी झाली. गंमत म्हणजे सीएसएसमध्ये, म्हणजे वेब पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, यादीला 'देवनागरी' एवढा शब्द दिला की आकडे १, २, ३ असे नीट दिसतात. सोय आहे. फक्त ती वापरायची ठरवणाऱ्या बैठकीला मला कुणी बोलावत नाही.

इथून गाडीने थोडं पुढे पांडवलेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या लेकाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, प्रदेश कोरून ठेवलेत : असिक, असक, मूळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती. दुसऱ्या शतकातली यादी. क्रम जागच्या जागी, एक नाव घसरलेलं नाही. त्या आईला कुणी सांगितलं नाही, की बाई, हे आता पीडीएफमध्ये पाहिजे.

असो. काकांनी प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. खिशातलं बॉलपेन काढून त्यांनी स्वतःच आकडे टाकायला घेतले. जबाबदार माणूस, काही सोडलं नाही. पायऱ्यांना आकडे दिले, चित्राखालच्या ओळींना दिले, 'टीप'लाही दिले. चौदा पायऱ्यांचा मजकूर एकतीसवर जाऊन थांबला. शाखेत समाधान पसरलं.

पुस्तिकेत मी एके ठिकाणी लिहिलंय, 'व्याज चुकीचं दिसल्यास पायरी ७ पाहा.' माझी सातवी पायरी व्याजदर तपासण्याची. काकांची सातवी, 'टीप : प्रिंटर सुरू असल्याची खात्री करा.' त्यामुळे आता व्याज चुकलं की ताई उठतात, प्रिंटरपाशी जातात, तो सुरू असल्याचं बघतात आणि निर्धास्त होऊन परत येतात. ही प्रत मॅनेजरांना इतकी आवडली, की तिच्या झेरॉक्स बाकीच्या शाखांना गेल्या. मूळ प्रत मी परत मागितली, तर "असू द्या, ती दुरुस्त केलेली आहे" असं उत्तर मिळालं.

ऑफिसात येऊन मी साहेबांसमोर सगळं मांडलं. म्हटलं, कन्व्हर्ट झाल्यावर एक माणूस यादी न् यादी डोळ्यांखालून घालायला हवा, उपपायऱ्यांचे क, ख, ग गेलेत तेही परत आणायला हवेत, मला एक आठवडा द्या. साहेबांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"एवढं कशाला? नंबर काढूनच टाक. सगळीकडे ठिपके दे. ठिपका चुकत नाही."

"आणि 'पायरी ७ पाहा' लिहिलंय तिथे काय करू?"

"तिथे 'वर पाहा' लिही."