नायसर चोर होता म्हणे!

कुष्ठरोगाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘जंतू शोधला नॉर्वेच्या हॅन्सनने. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट नायसरने त्याचे नमुने चोरले, स्वतः काहीही न करता श्रेय लाटलं. बिचारा सज्जन हॅन्सन!’

चोरी? १८७९ मध्ये नायसर नॉर्वेतल्या बर्गेनला गेला, तेव्हा रुग्णांच्या ऊतींचे नमुने खुद्द हॅन्सननेच त्याला दिले. हौसेने दिलेली शिदोरी चोरीची कशी ठरते?

‘काहीही न करता’ हे तर साफ खोटं. हॅन्सनला १८७३ मध्येच काड्यांसारखे जंतू दिसले होते, पुढच्या वर्षी त्याने ते छापलंही. पण ते त्याला नीट रंगवता येईनात, आणि लिहितानाही तो फार जपून लिहायचा. न रंगवलेला जंतू शोधणं म्हणजे पाण्यात काचेचा तुकडा शोधणं. ब्रेस्लाउला (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) परतल्यावर नायसरने तो रंगवून दाखवला. मात्र लेख असा लिहिला, जणू शोध त्याचाच. इथे मजकूरवाल्यांचा राग मला पटतो. हॅन्सन खवळला आणि १८८० मध्ये त्याने आपला दावा इतर भाषांतही छापून आणला.

श्रेय मात्र नायसरला पचलं नाही. १८९७ च्या बर्लिनमधल्या कुष्ठरोग परिषदेत मान मिळाला तो हॅन्सनला, आणि डॉक्टर आजही ‘हॅन्सनचा रोग’ म्हणतात. नायसरचं नाव उरलं ते परम्याच्या (गनोरियाच्या) जंतूला, नायसेरिया. तो त्याने १८७९ मध्येच, चोविसाव्या वर्षी शोधला होता, कुणाकडून काही न घेता.

राहिला हॅन्सनचा सज्जनपणा. त्याच १८७९ मध्ये त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, कुष्ठाचा अंश टोचला. १८८० मध्ये कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, रुग्णालयातली नोकरी गेली. देशाचा कुष्ठरोग अधिकारी म्हणून तो राहिलाच!

नायसरवर डूख धरायचाच, तर त्याला याहून मोठं कारण आहे, आणि फिरत्या मजकुरात नेमकं तेच नसतं. उपदंशावर (सिफिलिसवर) लस मिळेल या आशेने १८९२ मध्ये त्याने उपदंश झालेल्यांच्या रक्तातला द्रव दुसऱ्या बायकांना टोचला. त्यांत वेश्या होत्या, संमती घेतलेली नव्हती. पुढे काहींना उपदंश झाला, तेव्हा हा म्हणाला, टोचण्यामुळे नाही, त्यांच्या धंद्यामुळे. १८९८ मध्ये हे सगळं त्याने स्वतःच छापलं, तेव्हा बोभाटा झाला, आणि १९०० मध्ये त्याला दंड झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रशियाच्या (तेव्हाचं जर्मनीतलं सर्वांत मोठं राज्य) मंत्र्याने दवाखान्यांना हुकूम काढला: रोग्याला नीट समजावून सांगितल्याशिवाय आणि त्याचा होकार घेतल्याशिवाय असले प्रयोग करायचे नाहीत.