भूक लागली तर मंगळवारी या

मेहुण्याने पॅरिसहून फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दाजी, निव्हर्नेच्या कालव्याने सायकल काढा, दिवसभरात गाडी म्हणून दिसणार नाही." दिसली नाही. गाडीच काय, माणूस, वाण्याचं दुकान, चहाची टपरी, केळीवाला, काही म्हणजे काही दिसलं नाही. गाडी एक दिसली, पण तिचं पुढे येतंय. हे सगळं कालचं आहे आणि मांड्या अजून बोलतायत, तेव्हा लिहिताना मध्येमध्ये कडवट झालो तर सांभाळून घ्या.

हा कालवा बुर्गुंडीत ओसेरपासून दसीझपर्यंत जातो, १७४ किलोमीटर. मोर्व्हाँच्या जंगलातलं जळाऊ लाकूड पॅरिसच्या चुलींपर्यंत पाण्याने पोचवायचं म्हणून १७८४ साली खणायला घेतला आणि पूर्ण व्हायला १८४० चं दशक उजाडलं. मध्ये राज्यक्रांती झाली, नेपोलियन येऊन गेला, हे सगळं खरं, पण मला विचाराल तर उशीर झाला तो जेवणाच्या सुट्यांमुळे. का ते कळेलच.

बाकी सुख आहे, खोटं कशाला बोलू. बोटी ओढायला जी काठाची वाट केली होती तिच्यावरून आता सायकली जातात, कडेला झाडं, पलीकडे पांढऱ्याशुभ्र शारोले गाई, चढ जवळजवळ नाहीच. आणि रस्त्यावर आलात तरी इथे गावाबाहेर सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे, आणि लोक तो पाळतात हो! आमच्या सिंहगड रोडला दीड मीटरच्या जागेत दोन रिक्षा आणि एक पाणीपुरीची गाडी बसते, वर कुणीतरी मधून बुलेट काढून दाखवतो. तर ते असो.

सकाळी नऊच्या सुमारास चारपाच घरांच्या एका वस्तीपाशी ती एकमेव गाडी आली. पांढरी व्हॅन. मागून आली आणि हॉर्न, हॉर्न म्हणजे काय, पीं पीं पीं पीं, अख्ख्या पंचक्रोशीत मी एकटा सायकलवर, रस्ता पूर्ण मोकळा आणि हा बाबा माझ्या कानाशी येऊन बोंबलतोय. मी मराठीत जे बोलायचं ते सगळं बोललो, त्याच्या मातोश्रींचाही उल्लेख झाला. तो हसून हात हलवून पुढे गेला आणि पुढच्या वळणावर परत पीं पीं. म्हटलं चला, आपल्याकडचे लोक इथेही पोचलेले दिसतात.

साडेअकरापर्यंत जवळचं सगळं संपलं. आता लगेच कुणीतरी म्हणणार की खायला बरोबर ठेवायचं. ठेवलं होतं, दोन पाकिटं चिक्की आणि बायकोने दिलेला चिवडा होता, पण पॅडल मारणाऱ्या माणसाला चिवडा किती पुरणार, तुम्हीच सांगा. कोर्बिन्यीच्या अलीकडे कालवा सोडून एका गावात शिरलो. गावाचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी नको. चर्च, मेरी म्हणजे आपली ग्रामपंचायत, युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगडी खांब, आणि एक बेकरी. बेकरीच्या दारावर हाताने लिहिलेला कागद: सोमवारी बंद. शेजारच्या कॅफेवर कागदही नव्हता, नुसता पडदा ओढलेला, म्हणजे सोमवारी बंद की १९९८ पासून बंद ते कळायला मार्ग नाही.

इथे आले आमचे आजोबा.

खांबाजवळच्या बाकावर बसले होते. फ्रेंच म्हातारा म्हणून तुमच्या डोळ्यांपुढे जी चपटी गोल टोपी येते ती नव्हती, कुठल्याशा ट्रॅक्टर कंपनीने फुकट वाटलेली टोपी होती. अंगात निळा कामाचा कोट. आणि काखेत, नीट वाचा, काखेत दोन बगेत पाव. लांबलचक, खरपूस, एकाचं टोक आधीच मोडून खाल्लेलं.

मी पुण्यात क्लास लावून शिकलेलं सगळं फ्रेंच पणाला लावून विचारलं, "काका, इथे खायला काही मिळेल का?"

आजोबांचा चेहरा उजळला. असं कुणी विचारावं म्हणून ते बहुतेक गेल्या सोमवारपासून तिथे बसलेले असावेत.

"इथे? इथे नाही. इथली बेकरी सोमवारी बंद."

"ते वाचलं. मग पुढच्या गावात?"

"पुढच्या गावात बेकरी आहे. चांगली आहे. इथल्यापेक्षा चांगली, पण हे इथे बोलायचं नाही." आवाज खाली आणून, "ती पण सोमवारी बंद."

"आणि त्याच्या पुढे?"

"तिथली सोमवारी चालू." मी हँडल धरलं. "पण त्याने गुडघ्याचं ऑपरेशन केलंय. डावा गुडघा."

मग त्यांनी मला क्रमाने सगळा जिल्हा फिरवून आणला. इकडे किराणा आहे पण साडेबाराला बंद होतो आणि तुम्ही सायकलवर, म्हणजे पोचणार नाही. तिकडे रेस्टॉरंट आहे, फक्त गुरुवार ते रविवार. अमक्या ठिकाणी खाटीक होता, वारला, फार चांगला माणूस, सॉसेज स्वतः करायचा. ते बोलत होते आणि बोलता बोलता बगेतचा एकेक तुकडा मोडून तोंडात टाकत होते. मी त्या पावाकडे बघत होतो. माझं बघणं त्यांना दिसत होतं. दिसत होतं म्हणजे काय, एकदा त्यांनी पाव या काखेतून त्या काखेत घेतला.

शेवटी लाज सोडून विचारलं, "हा कुठे मिळाला?"

"हा? हा गाडीवाल्याचा. रोज सकाळी वस्त्यांवरून पावाची गाडी फिरते ना. पांढरी व्हॅन. हॉर्न वाजवत येते, लोक बाहेर येऊन घेतात. तुम्ही कालव्याच्या वाटेने आलात ना? मग तुम्हाला दिसली असणार."

मी काही बोललो नाही.

"हॉर्न ऐकू आला असेल," आजोबा म्हणाले.

म्हटलं, "पाणी तरी मिळेल का?"

"पाणी ना, ते स्मशानात मिळेल."

यात त्यांची चूक नाही. फ्रान्समध्ये लांब सायकल चालवणारे सगळे तेच करतात, गावोगावच्या दफनभूमीत फुलांना घालायला नळ असतो आणि 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नसेल तर बाटली भरून घेतात. पण सकाळपासून चिवड्यावर असलेल्या माणसाला ऐन दुपारी हसतमुखाने स्मशानाचा रस्ता दाखवणं, याला काय म्हणावं? वर "सरळ जा, सगळे तिकडेच जातात" हेही.

मग ते थोडे गंभीर झाले. म्हणाले, पूर्वी इथे दोन बेकऱ्या होत्या, दोघांचं एकमेकांशी भांडण, त्यामुळे सोमवारी एक आणि बुधवारी दुसरी बंद, पाव कायम मिळायचा. शाळा होती. पोस्ट होतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा. आता पोरं पॅरिसला नाहीतर लियोंला. या न्येव्र जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम २ लाख आहे, आणि असे जिल्हे पुढे नैर्ऋत्येपर्यंत ओळीने पसरलेत, त्या पट्ट्याला फ्रेंच लोकच 'रिकामा कर्ण' म्हणतात. मेहुणा ज्याला शांतता शांतता म्हणून डोळे मिटत होता ती ही. आपल्यासारखे चार सायकलवाले येतात, किती निवांत म्हणून फोटो काढतात, आणि इथल्या माणसाला दाढ दुखली तर पन्नास किलोमीटर जावं लागतं. मला एक मिनिट वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग त्यांनी अजून एक तुकडा मोडला.

तेवढ्यात चर्चमध्ये बाराचे टोल पडले. आजोबा ताडकन उठले, एवढा वेळ बाकाला चिकटून बसलेला माणूस हाच का असं वाटावं इतके ताडकन. टोपी नीट केली, दोन्ही पाव छातीशी धरले, माझ्याशी हात मिळवला आणि अत्यंत मनापासून म्हणाले, "बॉन आपेती!"

म्हणजे सावकाश जेवा. मला! आणि गेले. दार लागलं. इथल्या बऱ्याच गावांत टोल थोड्या वेळाने पुन्हा पडतात, पहिल्यांदा ऐकले नसतील तर. तेही पडले. मला एकदाच कळलं होतं.

बारानंतर त्या भागात काय होतं ते मी सांगतो. काही होत नाही. पुण्यातल्या दुपारी १ ते ४ बंद दुकानांवर आपण एवढे विनोद करतो, पण आपल्याकडे निदान शेजारचा वडापाववाला उघडा असतो. इथे कालवासुद्धा जेवायला जातो, म्हणजे बोटींसाठी जे दरवाजे असतात ते चालवणारा माणूस घरी जातो आणि पाणी आहे तिथे थांबतं. एका बंद दरवाजापाशी अशीच एक भाड्याची बोट अडकली होती, डेकवर चार पर्यटक, टेबलावर चीज, हॅम, द्राक्षं, वाईन. मला बघून एक बाई म्हणाली, "सायकलवर! किती छान! आम्हाला तुमचा हेवा वाटतो." मी म्हटलं मला पण. ती हसली. द्राक्षं तिथेच राहिली.

पावणेदोनला एका गावाच्या तोंडाशी पावाचं मशीन दिसलं. हो, असतं, चोवीस तास, दिवा लावलेलं. बगेत १ युरो २० सेंट. माझ्याकडे २ युरोचं नाणं. टाकलं, आत खडखड झाली, पाव आला, सुटे आले नाहीत. बटण दाबलं, हलवलं, बाजूला थापट मारली. नाही म्हणजे नाही. पाव सकाळचा, दाताला झुंज देणारा, तो उभ्या उभ्या संपवला, तो प्रश्न वेगळा. पण माझे ऐंशी सेंट, म्हणजे पाऊणशे रुपये धरा, तक्रारीसाठी मशीनवर नंबर होता, ९ ते १२ आणि २ ते ५. पंधरा मिनिटं मशीनला टेकून बसलो. बरोबर दोनला फोन लावला.

सोमवारी बंद.