राष्ट्रपतींना पत्र लिहिताय ना? मग हे वाचाच

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव 'दगडू'ऐवजी 'दडगू' पडलंय आणि तलाठी दाद देत नाही, एवढं भांडवल राष्ट्रपतींना पत्र लिहायला भरपूर झालं. खरं तर हे काम तहसीलदारांचं. जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 155मध्ये अशाच लेखनप्रमादांची सोय आहे, साधा अर्ज पुरतो. पण तहसील कचेरीत अर्ज दिला म्हणून गावात कुणी तुम्हाला बसायला खुर्ची पुढे केलीय का? 'दिल्लीला पत्र टाकलंय' म्हणून बघा.

सुरुवात 'महामहिम'ने करा. हे संबोधन देशातल्या व्यवहारात नको, असं खुद्द प्रणव मुखर्जींनी राष्ट्रपती असताना 2012 साली ठरवलं होतं. पण त्यांचा साधेपणा त्यांच्यापाशी. आपण नुसतं 'महोदय' लिहिलं तर ग्रामसेवकाला आणि राष्ट्रपतींना एकाच मापात मोजल्यासारखं वाटतं.

मराठीत लिहू नका. घटनेच्या अनुच्छेद 350प्रमाणे गाऱ्हाणं देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, मराठीतही. पण हक्क आहे म्हणून लगेच वापरायचा असं थोडंच आहे? हिंदीच घ्या. 'हमारे दादाजी का नाम उलटा पड गया है' असं झोकात लिहा. दादाजी नेमके कुठून पडले, कुठे लागलं, याचा शोध दिल्लीवाले घेतील.

मजकूर किमान सहा पानी हवा. 1962च्या खरेदीखतापासून सुरू करा, मध्ये भाऊबंदकी येऊ द्या, चुलत्याच्या बांधावरचं बाभळीचं झाड विसरू नका. मूळ तक्रार पाचव्या पानाच्या तळाशी, दुमडीत येईल अशी ठेवा. शेवटी 'अन्यथा इच्छामरणाची परवानगी मिळावी' हे वाक्य आपल्याकडे रिवाजानेच येतं. ती परवानगी देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना नाही. अनुच्छेद 72खाली त्यांच्याकडे आहे तो नेमका उलटा, फाशी माफ करण्याचा. पण हे ठाऊक असलेला माणूस सहा पानं लिहायला बसतच नाही.

पत्ता मात्र नीट घाला. राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली 110004. राष्ट्रपती म्हणजे राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान म्हणजे सरकारप्रमुख, हा घोळ नको. आणि पाकिटात पैसे बियसे अजिबात नकोत. 2018 साली निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे हाती आलेले 1064 रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले होते. ती मनीऑर्डर परत आली, वर ऑनलाइन पाठवा म्हणून सांगण्यात आलं. राग आला तरी तो आता डिजिटल हवा.

एक शंका तुमच्या मनात येईल, ती आत्ताच काढून टाका. राष्ट्रपतींनी मनावर घेतलं तर? अनुच्छेद 74 म्हणतो, त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं. तो सल्ला फेरविचारासाठी परत पाठवता येतो, पण एकदाच. 1978च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तेवढी मुभा दिली. म्हणजे ज्यांच्या नावाने देशाचा कारभार चालतो, त्यांना कागद एकदा परत करता येतो. तुमच्या तलाठ्याने तुमचा कागद आजवर किती वेळा परत केलाय? मोजा, आणि खरं मोठं पद कुणाचं ते तुम्हीच ठरवा.

मग पोस्टात टाका आणि पावती देव्हाऱ्यात ठेवा. पाकीट रायसीना टेकडीवर जाईल, त्या 340 खोल्यांच्या वाड्यातल्या सचिवालयात कुणीतरी ते फोडेल, शिक्का मारेल. आणि मग पत्र घरी निघेल: मुंबईला मंत्रालय, तिथून जिल्हाधिकारी, तिथून प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी. प्रत्येक मुक्कामी एक आवक क्रमांक, एक जावक क्रमांक, आणि 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' एवढी एकच ओळ. वारीत जशी दिंडीला दिंडी मिळते तसं सहा पानांचं बाड साठ पानांचं होऊन शेवटी ज्या टेबलावर पोचेल, त्या टेबलामागे तोच तलाठी बसलेला असेल. नाही म्हणायला 2024मध्ये सरकारने त्या पदाचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' केलंय. त्याचं नाव तेवढं वेळेत बदललं.

तो तुम्हाला बोलावेल, चहा पाजेल. 'दिल्लीपर्यंत कशाला गेलात भाऊ, मला म्हणायचं!' म्हणेल आणि जबाब लिहून घेईल. महिनाभराने उत्तर येईल: अर्जदाराने कलम 155नुसार तहसीलदारांकडे दाद मागावी, सबब प्रकरण निकाली.

ते पत्र घडी पडू न देता लॅमिनेट करून घ्या आणि बैठकीच्या खोलीत लावा. आजोबांच्या फोटोशेजारी जागा आहे. तिथे खाली 'कै. दगडू' असं बरोबर लिहिलंय, पेंटरने एका फेरीत लिहिलं होतं.